सैल वेढा

शर्वी भोईटे दोरीवरून पडली तेव्हा हॉलमधल्या लहान मुलींचा गलका एकदम थांबला. खाली जाड गादी होती, हाडबीड मोडलं नाही. पण शर्वी पडते म्हणजे काय? दोरीच्या मल्लखांबात तिचा हात धरणारी मुलगी साताऱ्यात नव्हती. आणि गणपतीपासून हे तिचं तिसरं पडणं होतं.

वर्षाताई धावत आल्या. तिला दोरी धरायला शिकवली ती त्यांनीच. त्यांनी तिचे खांदे चाचपले, मान दोन्हीकडे वळवून बघितली आणि मग वर झुलणाऱ्या दोरीकडे पाहिलं.

"कमरेचा वेढा कसा घेतला होतास?"

"नेहमीसारखाच, ताई."

"नेहमीसारखा घेतला असतास तर वर असतीस. गादीवर लोळत नसतीस."

दोरीच्या मल्लखांबात गाठ मारत नाहीत. पायाच्या अंगठ्यात दोरी धरायची, वर चढायचं, कमरेला नाहीतर मांडीला वेढा घ्यायचा आणि हात सोडून द्यायचे. अंगाच्या भारानेच वेढा आवळतो आणि माणूस हवेत थांबतं. वेढ्याला किती दोरी घ्यायची हे कुणी शिकवत नाही, शिकवता येतही नाही. डोकं खाली अन् पाय वर, अशात बघत कोण बसणार? हात ओढतो आणि हाताला ठाऊक असतं. दोरी जास्त घेतली की अंग सटकतं, कमी घेतली की बरगडीत रुतते.

वर्षाताईंनी तिला उभं केलं आणि म्हणाल्या, "घे वेढा. वर घेतलास तसाच, इथं उभ्या उभ्या."

शर्वीने घेतला. वर्षाताईंनी दोरी आणि तिचं पोट यांच्यामध्ये हात घातला. आख्खा पंजा आत गेला.

"ह्यात तू मावशील आणि अजून अर्धी तू मावशील. एवढी दोरी कुणासाठी घेतलीस गं?"

"माझ्यासाठीच. माझी कंबर तेवढी आहे, ताई."

पोरगी चेष्टा करत नव्हती. वर्षाताईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोरी तिच्या हातातून काढून घेतली. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड आहे. तुझं नाव मी डोळे झाकून दिलं असतं. पण हे असं चाललं तर मी तुला दोरीला हात लावू द्यायची नाही. निवड गेली खड्ड्यात. तुझी मान मोडली तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

शर्वीने लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं. बाहुली नाही, सायकल नाही. दोरी हवी, एवढंच. आता ती दोरीच जायची वेळ आली होती.

*

पुण्यात डॉ. सलमा अत्तार नावाच्या बाई खेळाडूंच्या मेंदूचा अभ्यास करत. मूळच्या मिरजेच्या, बोलायला सडेतोड. वर्षाताईंनी शर्वीला त्यांच्याकडे धाडलं. तिथे भिंतभर यंत्रं असतील म्हणून शर्वी बिचकत आत गेली, तर बाईंनी टेबलाच्या खणातून काढली एक सुती दोरी.

"जमिनीवर हिचं कडं कर. तुझ्या कमरेएवढं. अंदाजाने."

शर्वीने कडं केलं. बाईंनी ती दोरी चिमटीत तशीच उचलली आणि तिच्या कमरेला लावली. केवढी तरी उरली आणि गुडघ्यापर्यंत लोंबली.

शर्वी म्हणाली, "तुम्ही ओढून धरलीत."

"मग तू धर."

तिने धरली. तेवढीच उरली. शर्वी हिरमुसून बसली. डोळ्यांनी पाहिलं, हातांनी धरलं, तरी पटेना.

मग यंत्राची पाळी आली. डोक्याला एक हलकी टोपी, समोर पडदा. पडद्यावरून धुरकट बाईमाणसं भराभर सरकत गेली. कुणी रुंद, कुणी अरुंद, एकही स्पष्ट नाही. अत्तारबाई सांगू लागल्या, "डोळ्याला कळायच्या आधी मेंदूला कळतं, की ही मी, ही मी नाही. 'ही मी' वाटलं की मेंदूत एक बारीक लहर उठते. टोपी ती टिपते. ज्या ज्या चित्रांना लहर उठली ती एकावर एक ठेवली की तुझ्या मनातली तू दिसायला लागतेस."

पडद्यावर हळूहळू एक आकृती उमटली. शर्वी बघत राहिली. दंड सुजल्यासारखे, कमरेची नुसती गोणी, मांड्या एकमेकींत मिसळलेल्या. पण पावलं? पावलं सुबक होती. अंगठा, बोटं, टाच, सगळं जसंच्या तसं. हाताचे तळवेसुद्धा अचूक.

"पावलं बरोबर कशी आली?" तिने विचारलं.

"ते तूच सांग. पावलांना कधी कुणी नावं ठेवली?"

दंडांचं शर्वीला आठवत होतं. शाळेच्या फोटोखाली वर्गातल्या एकीने लिहिलं होतं, 'पैलवान'. फोनवर तर रोजच नव्या सडसडीत मुली, आणि त्यांच्याशेजारी आपण. आणि कमरेचं? ते गौरीजेवणाच्या पंगतीतलं. सुजाताआत्या पुरणपोळी वाढत होती. एका हाताने आग्रह आणि तोंडाने टोमणा, ही आत्याची जुनी रीत. "घे की गं अजून एक. लाजतीस काय? फक्त त्या दोरीला विचार बाई एकदा, झेपतंय का तिला!" सगळी पंगत हसली. शर्वीही हसली. पोळी तिने पानात तशीच ठेवली. पहिल्यांदा ती पडली ती त्याच आठवड्यात.

अत्तारबाईंनी कागदावर दोन बाया काढल्या, अगदी पोरांसारख्या काड्यांच्या. "मेंदूत आपल्याला दोन देह असतात. एक डोळ्यांनी आणि लोकांच्या जिभांनी केलेला. आरसा, फोटो, टोमणे, शेजारणीशी तुलना, सगळं त्यात साचतं. दुसरा केला तो स्नायूंनी, सांध्यांनी, कातडीने. दारातून जाताना खांदा घासत नाही, अंधारात घास तोंडातच जातो, ते या दुसऱ्यामुळे. सहसा पहिला कितीही बिघडला तरी दुसरा आपलं काम चोख करतो. पण माणूस दिवसभर पहिल्याचीच पूजा करत बसलं की त्याची घाण दुसऱ्यात झिरपते. तुझ्या हातात ती झिरपलीय. म्हणून तो जास्त दोरी घेतो."

बोलता बोलता बाई थांबल्या. शर्वीची बोटं नकळत कुर्त्यावरून कमरेपाशी गेली होती आणि तिथलं मांस चिमटीत धरून बघत होती.

"हे कधीपासून करतेस?"

"काय? हे?" तिने हात झटकन मागे घेतला. "सगळेच करतात ना? आई रोज सकाळी करते, आरशासमोर."

बाईंनी नुसतं हं केलं. त्यांच्याकडे उपायही होता. अंगात एक जाकीट घालायचं आणि आरशासमोर उभं राहायचं. आरशात खऱ्या मापाची शर्वी, तिला कमरेवर स्पर्श होताना दिसे आणि त्याच क्षणी त्याच जागी जाकीट हलकं दाबे. डोळा आणि कातडी एकच गोष्ट सांगू लागले की मन ऐकतं. पण मन हट्टी असतं, महिनोन्महिने लागतात.

"माझ्याकडे महिने नाहीत," शर्वी म्हणाली.

"माहितीय. म्हणून आधीच सांगते. हाच आरसा बाजारात मिळतो, 'समाधान' नावाने. आमच्याच शोधाचं पोर आहे ते, पण वळण दुसऱ्या घरचं. तिकडे खरं माप दाखवत नाहीत, गिऱ्हाइकाला हवं ते दाखवतात. त्या वाटेला जाऊ नकोस."

*

जाऊ नको म्हटलं की माणूस तिथेच जातं. शर्वी काही जगावेगळी नव्हती.

आत्याच्या मुलीचं, रिद्धीचं लग्न ठरलं होतं आणि सगळ्या बायका पोवई नाक्याजवळच्या एका पार्लरात जाऊन 'समाधान' घेऊन येत होत्या. आत्याने शर्वीलाही ओढत नेलं. "आगं ये की! हसत बाहेर पडशील."

जाकीट मऊ होतं, आरसा ऊबदार उजेडाचा. सुरुवातीला आरशात तीच ती गोणी होती. मग जाकिटाने कमरेवरून अलगद हात फिरवल्यासारखं केलं, आणि आरशातली कंबर त्या हाताखाली आत आत गेली. शर्वीला ते नुसतं दिसलं नाही, जाणवलं. अंगावरून ओझं उतरावं तसं जाणवलं. ती रडली. बाहेर येऊन तिने आत्याबरोबर गरम जिलेबी खाल्ली, कितीतरी दिवसांनी, न मोजता.

खोटं कशाला सांगा, ते सुखाचे दिवस होते. ती आरशासमोरून गुणगुणत जायची. एवढंच होतं की समाधान चार दिवसांत उतरायचं, आणि उतरलं की मनातली शर्वी आधीपेक्षा जाड होऊन परत यायची. मग पुन्हा पोवई नाका. लेक खुलली म्हणून आईनेही एकदा जाकीट घालून पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, "शर्वे, मला माझ्या लग्नातली मी दिसले गं." तिचा चेहरा इतका उजळला होता की शर्वीला बरंही वाटलं आणि आत कुठेतरी चर्रही झालं.

वर्षाताईंनी तिला परत दोरीवर घेतलं ते तिची तरतरी बघून. शर्वी सरसर वर गेली. अंगठ्याची पकड पक्की. कमरेला वेढा घेतला, अंग उलटं सोडलं, आणि दोरी करकचून बरगड्यांत रुतली. हात अडकला. श्वास वर येईना. हाताने यावेळी त्या आरशातल्या बारीक शर्वीच्या मापाची दोरी घेतली होती, आणि लटकत होती ती खरी शर्वी.

वर्षाताईंनी शिडी लावून तिला उतरवलं. कातडीवर लाल वळ उठला होता.

"ताई, मी समाधान घेतलं होतं," शर्वीने आपणहून सांगितलं.

वर्षाताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "उद्यापासून दोरी बंद," त्या म्हणाल्या आणि शिडी उचलून निघाल्या.

*

शर्वी गादीवरच बसून राहिली. आधी जाड बाईच्या मापाने पडले, आता बारीक बाईच्या मापाने लटकले. दोघींपैकी एकही मी नव्हे. मग मी कोण? तिने आपल्या पायांकडे पाहिलं. अंगठ्यावर दोरीने घट्टा पडला होता. हा अंगठा कधी चुकला नव्हता. सैल वेढ्याच्या दिवशीही नाही, आवळ वेढ्याच्या दिवशीही नाही. इथवर कुणाची जीभ पोचली नव्हती, आणि तो आरसाही नाही.

मग इथूनच सुरुवात करायची, तिने ठरवलं. एकदा ठरवल्यावर भोईट्यांची पोर बधत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

ती धावत जाऊन वर्षाताईंपुढे उभी राहिली. "दोरीवर नाही चढणार. जमिनीवर तरी दोरी धरू द्या. डोळ्यांवर पट्टी बांधून. हात चुकतो कारण डोळे त्याच्या कानात कुजबुजतात. डोळेच बंद केले तर?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर निवडीच्या दिवशी मी स्वतः येऊन तुम्हाला सांगेन, माझं नाव काढा."

वर्षाताईंनी अत्तारबाईंना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "होईल की नाही सांगता येत नाही. पण पोरीने नेमकी जागा धरलीय. आधी जमिनीवर, मग हातभर उंचीवर. आणि आरसे बंद म्हणजे बंद."

शर्वीने घरी येऊन कपाटाच्या आरशावर जुनी चादर खिळ्यांनी ठोकली. फोनवरच्या त्या सडसडीत मुली एकेक करून काढून टाकल्या. पोवई नाक्याचा रस्ता सोडला. पहिला आठवडा हाल झाले. बोटं चिमटा काढायला कमरेकडे धावत, ती मूठ आवळून धरी. हॉलमध्ये पट्टी बांधून ती अंगठ्यापासून निघे. इथे दोरी, ही पोटरी, हा गुडघा, ही मांडी. कंबर आली की हात चुके. वेढा सैल, नाहीतर वेढा आवळ. वर्षाताई शब्दही न बोलता वेढ्यात बोट घालून बघत आणि म्हणत, "परत." लहान मुली सराव संपवून घरी जात, तरी हॉलमध्ये "परत" चालूच असे.

त्याच सुमारास आईने रिद्धीचं केळवण केलं. घर माणसांनी भरलं. आत्याने शर्वीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अगं, परत भरलीस की! समाधान सोडलंस वाटतं? दोरीला विचारलंस का?"

शर्वीने हातातलं पुरणाचं भांडं खाली ठेवलं.

"विचारलं, आत्या. दोरी म्हणाली, तुझ्या वजनाचं मला काही नाही. पण तुझ्या आत्याचं बोलणं मला झेपत नाही."

आत्याचा चेहरा पडला. "मी काय वाईट बोलले? थट्टा केली, तर एवढं लागतं?"

"लागतं. मी तीनदा पडले. मान मोडली असती. तू मायेनं बोलतेस हे ठाऊक आहे, म्हणूनच ते आत जातं. परक्या माणसाचं मी ऐकलं तरी असतं का? यापुढं माझ्या अंगावर बोलायचं नाही. पुरणपोळी वाढ, मी दोन खाईन."

आत्याने खरंच दोन पोळ्या वाढल्या, तुपाची धार धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा सासरे म्हणाले होते, दार मोठं करावं लागंल. सगळे हसले होते. मीपण." तिने तुपाची वाटी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. शर्वीने तिचा हात धरला, पण शब्द मागे घेतला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिच्या हातात तिचं ताट होतं, त्यात नेहमीसारखी अर्धी भाकरी.

एका सकाळी, पट्टी बांधलेली असताना, हातभर उंचीवर शर्वीने वेढा घेतला आणि हात सोडले. अंग किंचित खाली आलं, दोरी आवळली आणि थांबली. सटकली नाही, रुतली नाही. वर्षाताईंनी वेढ्यात बोट घालायचा प्रयत्न केला. बोट जेमतेम टेकलं.

"परत?" शर्वीने विचारलं.

"वरती," वर्षाताई म्हणाल्या आणि दोरीखालची गादी नीट सरकवू लागल्या.

*

निवडीच्या दिवशी शर्वीने डोळ्यांवर पट्टी बांधायची परवानगी मागितली. परीक्षकांना वाटलं, पोरगी भाव खातेय, पण त्यांनी मान डोलावली. तिने दोरी कपाळाला लावली आणि चढली. अंगठा, पोटरी, मांडी. कमरेपाशी हाताने दोरी ओढली, आणि त्या क्षणी तिच्या मनात ना जाड शर्वी होती ना बारीक. फक्त दोरी कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो, एवढंच होतं. तिने हात सोडले. छताजवळ, डोकं खाली, हात पसरलेले, ती थांबली. खाली वर्षाताईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते, ते टाळ्या ऐकल्यावर उघडले.

शर्वीची संघात निवड झाली. अत्तारबाईंनी तिला पुन्हा टोपी घालून बघितलं. दंड अजून थोडे सुजलेलेच होते. कंबर मात्र जवळजवळ जागेवर आली होती. "राहिलेलं?" शर्वीने विचारलं. "राहिलेलं तू जन्मभर करशील," बाई म्हणाल्या आणि खणातली ती सुती दोरी त्यांनी तिला देऊन टाकली.

घरी आल्यावर शर्वीने आईच्या हातावर आधी पेढा ठेवला, मग दोरी.

"आई, जमिनीवर हिचं कडं कर. तुझ्या कमरेएवढं."

"माझ्या?" आई हसली. "एवढी दोरी पुरायची नाही मला."

"कर तर."

आई वाकली. दोरी फरशीवर मांडली, मागे सरून पाहिली, अजून थोडी सोडली. शेवटी झालेल्या कड्यात मायलेकी दोघी खेटून उभ्या राहिल्या असत्या. शर्वीने दोरी चिमटीत धरून उचलली आणि आईच्या कमरेला लावली. उरलेलं टोक आईच्या पोटरीपाशी लोंबत राहिलं.

आईने ते टोक हातात घेतलं. वितीने मोजायला गेली आणि मध्येच थांबली.

"शर्वे, हे एवढं… या जाड बाईसाठी मी लग्न झाल्यापासून अर्धपोटी राहिले? ही तर घरात नव्हतीच."

"नव्हतीच, आई."

आई त्या टोकाकडे बघत रडली, आणि शर्वीने तिला रडू दिलं. मग आईने नाक पुसलं, पदर खोचला आणि दोरी हिसकावून घेतली.

"थांब. परत करते."

"डोळे मिटून कर."

आईने डोळे मिटले. फरशीवर बोटांनी चाचपत, जिभेचं टोक दातांत धरून तिने नवं कडं केलं. शर्वीने ते आईच्या कमरेला लावलं आणि आत बोटं घातली.

"अजून सैल आहे."

"असू दे. उद्या परत," आई म्हणाली आणि आपल्या ताटात आख्खी भाकरी वाढून घेतली.